अभिनंदनाचा फ्लेक्स

९ जानेवारी

सोमवारी काढलेली अंगसाबणाची नवी वडी आज शुक्रवारी संपली. संपली म्हणजे झिजून पापुद्रा झाली आणि मोरीच्या जाळीतून निर्वाणाला गेली. तीन माणसांचं घर, त्यातला एक पुरुष थंडीत स्नानाबाबत उदारमतवादी. अशा घरात हा क्षय कोणत्याही शास्त्राला धरून नाही. मी हा प्रश्न जेवताना मांडला. विशाखा, म्हणजे आमची सौभाग्यवती, दवाखान्यात परिचारिका असल्यामुळे नेहमी साबणाच्याच पक्षात असते. हात धुतल्यानं कुणी मेलेलं आपण अजून बघितलेलं नाही, म्हणाली. लेक दीक्षा खाली मान घालून भात कालवत राहिली.

साबणाहून किंचित कमी गंभीर बातमी अशी की दीक्षा आयोगाची पूर्व परीक्षा पास झाली. बी. एस्सी. केमिस्ट्री होऊन तिला आता तिसरं वर्ष चालू आहे. आधी दोनदा हुकली होती, यंदा निघाली. आता एप्रिलअखेर मुख्य परीक्षा, मग मुलाखत, मग खुर्ची. मला आनंदानं काय करावं सुचेना, म्हणून पेढे आणले आणि त्याच फेरीत साबणही आणला. दीक्षाला म्हटलं, बघ, मी सांगत नव्हतो? ती म्हणाली, "व्हय की पप्पा." आनंद अंगात मुरायला तिला वेळ लागतो. आईवर गेली आहे.

१२ जानेवारी

गावाकडं आण्णाला फोन केला. आण्णा माझा थोरला भाऊ, हातकणंगल्याच्या अलीकडं आमच्या गावात असतो आणि गावात जे काही उभं राहतं, कमान, मंडप, स्पीकर, ते त्याच्या देखरेखीखाली. पूर्व पास झाली म्हटल्यावर तो ओरडला, "म्हंजे साहेब झाली की रं पोरगी!" मी समजावलं की अजून मुख्य आहे, मुलाखत आहे. तो म्हणाला, "ती व्हईल की. तिला काय धाड भरलीया?"

संध्याकाळी मोबाईलवर फोटो आला. विहाराच्या कोपऱ्यावर फ्लेक्स. मधे दीक्षा, कॉलेजच्या ओळखपत्रावरची, पण अंगावर संगणकानं चढवलेला काळा कोट. भोवतीनं शुभेच्छुकांची मुंडकी, त्यातली निम्मी तिनं जन्मात पाहिली नसतील. आणि मजकूर: 'आमच्या गावची कन्या कु. दीक्षा हिची अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

आण्णाला परत फोन लावला. निवड झालेली नाही, पूर्व परीक्षा उत्तीर्ण असं लिही. तो म्हणाला, "पूर्व पास झाली म्हणून कोण फ्लेक्स लावतंय व्हय? लोक हसत्यात." यात तथ्य आहे. दीक्षाला फोटो दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "कोट तेवढा चांगला हाय."

१५ जानेवारी

आज एक गोष्ट लिहून ठेवतो. ती दुसऱ्या कुठं लिहिता येणार नाही.

मी पेपरात जिल्हा पान पाहतो. काल आमचा हातकणंगल्याचा वार्ताहर जोतीराम यानं फोटोसह बातमी पाठवली: 'दीक्षा हिची अधिकारीपदी निवड.' फ्लेक्सवरून उचललेली, यात शंका नाही. प्रूफ माझ्याच हातून गेलं. 'पूर्व परीक्षेत यश' एवढी दुरुस्ती करायची होती. पण मथळ्याची ओळ वाढत होती. ओळ वाढली की खालचे गुळाचे भाव तुटतात. शेतकऱ्यांचं नुकसान नको, म्हणून बातमी तशीच सोडली.

गुळाच्या भावांशी माझा जुना स्नेह आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक. जी भाषा आपल्या आज्याला ऐकूही दिली नाही ती तू शीक, म्हणाले. शिकलो. एम. ए. संस्कृत झालो, न्यायशास्त्र घेऊन. मग पुष्कळ अर्ज केले, आणि शेवटी नोकरी लागली ती या पेपरात, गुळाच्या सौद्यांचे भाव लिहायची. दीक्षाचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी ती पाळण्यात असतानाच ठरवलं. ठरवलेलं मी सोडत नाही.

२ फेब्रुवारी

दीक्षा सकाळी सातला डबा घेऊन अभ्यासिकेत जाते, ती संध्याकाळी सहाला येते. काल जवळून गेली तर ओढणीला धुराचा वास. जिथं धूर तिथं अग्नी, हे अनुमान मी विद्यापीठात दोन वर्षं घोटलं आहे. अशा वेळी ते उपयोगी पडतं. अभ्यासिकेच्या खाली कुणीतरी भज्यांची गाडी लावलेली असणार. असल्या ठिकाणी पोरांनी अभ्यास कसा करावा? राजारामपुरीत क्लासच्या बोर्डांना तोटा नाही, पण शांत खोली म्हणाल तर एक नाही. दुसरी जागा बघू का, विचारलं. नको म्हणाली, तिथलं वातावरण तिला मानवलंय.

२० फेब्रुवारी

मुख्य परीक्षेचा ताण तिच्यावर दिसतो. घरी आली की बूट काढायच्या आधीच झोप लागते. बूटही कसले, पोलिसांसारखे जाडजूड, हल्लीची फॅशन. मी नीतिशास्त्राचे दोन जाड ग्रंथ आणून दिले. "ठेवा तिथं पप्पा," म्हणाली. ग्रंथ तिथंच आहेत.

आज मात्र ती फोनवर कुणाला तरी हसून सांगत होती की या आठवड्यात रिजेक्शन निम्म्यावर आलं. सराव परीक्षेतल्या चुका कमी होतायत तर. बरं वाटलं. विशाखाला सांगितलं तर तिनं माझ्याकडं, दवाखान्यात थर्मामीटर उलटा धरणाऱ्या नातेवाइकाकडं बघतात तसं बघितलं. ती हल्ली फार थकते.

३ मार्च

महिला दिनाची पुरवणी. संपादकांना दरवर्षी याच सुमारास स्त्रिया आठवतात. मला 'वेगळ्या वाटेवरच्या तिघी' लिहायचं आहे. एसटीची वाहक मिळाली, ट्रॅक्टर दुरुस्त करणारी मिळाली. तिसरीसाठी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फोन फिरवले. मीरासाब म्हणून एका लहान फौंड्रीचे मालक आहेत, ते म्हणाले, "एक पोरगी हाय आमच्यात. साच्याची वाळू तपासती. लई जिद्दीची. या की परवा, चा घ्यायला." नाव विचारलं. "आमी म्याडम म्हणतो. नाव तुमीच इचारा."

५ मार्च

शिरोलीला गेलो. भट्टीचा आवाज, धूर, पायाखाली काळी वाळू. मीरासाब स्वतः घेऊन गेले. मागं पत्र्याची एक खोली, तिथं तराजू, काचेच्या नळ्या, आणि डोक्यावर पिवळं शिरस्त्राण घातलेली, मनगटापर्यंत काळ्या हातांची दीक्षा.

ती उठून उभी राहिली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. पंचवीस वर्षांच्या सवयीनं हातानं पेन काढलं आणि मी विचारलं, "आपलं नाव?"

"दीक्षा प्रसेनजीत," ती म्हणाली, आणि थांबली. मी लिहून घेतलं.

मीरासाब एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. "आवं पावणं," ते म्हणाले, "प्रसेनजीत तर तुमीच की."

पुढं बोलले ते तेच. ऑक्टोबरात ही पोरगी स्वतः चालत येऊन काम विचारती झाली. ओतकामाचा साचा वाळूचा असतो. वाळूत पाणी जास्त झालं की लोखंडाला आतून भोकं पडतात, आणि सगळा माल रिजेक्ट, मोडीत. ते पाणी मोजणं हे हिचं काम. डिसेंबरात एका सकाळी हिनं ओतकाम थांबवायला सांगितलं. फोरमननं शिव्या दिल्या. ही साच्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली, म्हणाली, वाळू ओली आहे, ओतणार असाल तर मालकांना बोलवा. मालक आले, तपासलं, वाळू ओलीच होती. "आता फोरमनच म्याडमला इचारल्याबिगर हलत न्हाई," मीरासाब म्हणाले. एक एप्रिलपासून तिला कायम करायचं आहे. फक्त एप्रिलभर गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार, त्यामुळं महिनाभर एक दिवस रजा मिळायची नाही. तेवढं पोरीनं कबूल करावं.

मुख्य परीक्षा एप्रिलअखेर. तिचा अर्ज भरायची मुदत येत्या मंगळवारपर्यंत. मी चहा घेतला.

६ मार्च

काल रात्रीचं जेवण कुणीच नीट जेवलं नाही. आज सकाळी तिघं बसलो.

मी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, आणि पहिली दोन वाक्यं शांतपणे बोललोही. अभ्यासिका तिनं सप्टेंबरातच सोडली होती. पूर्व परीक्षेला नोव्हेंबरात बसली ती फॉर्म भरलेला होता म्हणून. "अभ्यास सोडला आन् पूर्व निघाली, पप्पा. मलाच हसू आलं." निकाल लागला तेव्हा सांगणार होती. तोवर मी पेढे आणले, तीन दिवसांनी काकांचा फ्लेक्स लागला, मग पेपरात आलं. "रोज एक मजला चढत गेला. मी खालनं काय सांगणार?"

मी विचारलं की तिथं काय आहे असं, जे खुर्चीत नाही. आमच्या कोल्हापुरात पोरीही 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. व्याकरणकारांनी इकडं फेरी मारलेली नसावी. ती म्हणाली, "परीक्षेत वर्षभरानं कळतं, ते पण नापास एवढंच. का, ते कोण सांगत न्हाई. इथं मी सकाळी वाळू तपासतो, आणि दुपारी साचा फोडून माल बाहेर आला की कळतं, मी बरोबर होतो का चुकलो. चुकलो तर कुठं चुकलो ते पण कळतं. मला असं काम पायजे."

मग मी जे कधी घरात बोलत नाही ते बोललो. खुर्चीवर बसलेल्या माणसाला कुणी आडनाव विचारत नाही. म्हणून खुर्ची.

"विचारतात की पप्पा. माघारी विचारतात, एवढंच."

विशाखाला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. डबा तीच भरत होती. मला का सांगितलं नाही म्हटल्यावर म्हणाली, "तुम्ही ऐकताना मथळा शोधत असता. सापडला की ऐकायचं थांबता." हे अन्यायाचं आहे. पण मथळा म्हणून चांगलं आहे.

मी निर्णय सांगितला: मंगळवारच्या आत अर्ज भरायचा. परीक्षा द्यायची. नंतर वाळू आहेच, ती कुठं जात नाही. दीक्षा म्हणाली, आपण अर्ज भरणार नाही. दोघांचेही आवाज चढले नाहीत. मला तेच जड गेलं.

८ मार्च

पुरवणी आली. 'वेगळ्या वाटेवरच्या तिघी'मध्ये वाहक, ट्रॅक्टरवाली, आणि तिसरी जयसिंगपूरची एक पोहण्याची प्रशिक्षक, जी मला काल सकाळी फोनवर सापडली. घरच्या माणसावर लिहिणं पत्रकारितेच्या संकेतात बसत नाही. (जानेवारीतल्या बातमीच्या वेळी हा संकेत रजेवर होता.)

दीक्षानं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, परत मागं जाऊन काहीतरी शोधलं, घडी घातली. "चांगलं लिहिलंय पप्पा," म्हणाली आणि आईबरोबर भाजीला गेली. तिनं मनाला लावून घेतलेलं दिसत नाही. मोकळं वाटलं.

१० मार्च

अर्जाचा शेवटचा दिवस. दुपारी ऑफिसातून लवकर आलो, संगणक उघडला. तिच्या खात्याचा परवलीचा शब्द मला ठाऊक आहे, कारण तो दोन वर्षांपूर्वी मीच ठेवला होता. नाव, पत्ता, केंद्र कोल्हापूर. सगळं भरलं. शेवटी तिच्या मोबाईलवर येणारा ओटीपी मागितला आणि मी तिथंच अडकलो.

ती सहाला आली. पडद्याकडं बघितलं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, मोबाईल काढला आणि म्हणाली, "सांगतो ओटीपी. भरा तुम्ही. पण पेपरला पण तुम्हीच जा."

ती चेष्टा करत नव्हती. तिचे हात टेबलावर होते, नखांत काळं. मी त्या हातांकडं बघत बसलो, इतका की पडद्यावर 'वेळ संपली' असं आलं. परत भरता आलं असतं. सात वाजले होते, मुदत मध्यरात्रीपर्यंत होती. मी संगणक बंद केला.

हे मी हरून केलं की पटून केलं, ठाऊक नाही. केलं.

१२ मार्च

आण्णाचा फोन. रविवारी विहारात दीक्षाचा सत्कार. फेटा, शाल, हलगीवाले सांगितलेत. मी म्हटलं, आण्णा, ऐक. तो म्हणाला, "आता काय ऐकू? जेवण सांगितलंय." दीक्षा शेजारीच होती. म्हणाली, "येतो म्हणून सांगा. खोटं लावलंय ते काढायला कोणीतरी जायलाच पायजे."

मी ठरवलं: बोलायचं ते मीच बोलणार. बाप आहे, आणि बातमी माझ्या पानावरून गेली आहे. भाषण लिहून काढलं आहे. सुरुवात जरा जड झाली आहे, पण आशय स्पष्ट आहे.

१५ मार्च

भाषण खिशातच राहिलं.

विहारात गाव भरलं होतं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. आण्णानं माईकवर दीक्षाचा उल्लेख 'साहेब' असा केला, हलगी वाजली. मी उठेपर्यंत दीक्षा माईकपाशी पोचली होती. फेटा तिनं हातात धरला होता, घातला नव्हता.

"माझी निवड झालेली न्हाई," ती म्हणाली. "मी फक्त पूर्व पास झालो. मुख्यला मी बसणार न्हाई. शिरोलीला फौंड्रीत वाळू तपासायचं काम करतो, एक तारखेपासनं कायम व्हणार. हे तुम्हाला आधी सांगायला पायजे होतं. घरात पण सांगितलं नव्हतं. एवढंच."

हलगीवाल्यानं सवयीनं एक टिपरू मारलं आणि घाबरून थांबला.

आण्णाचा चेहरा उतरला. "मग आता ही शाल कुणाला घालायची?" तो माईक बंद न करताच म्हणाला. पोरं हसली. तो हसला नाही. माझ्याकडं वळून म्हणाला, "आन् पेपरात तर तूच छापलंस की रं. माझं सोड, मी अडाणी. तू तर वाचून छापलंस."

मी उठलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. तिची नाही, आण्णाचीही नाही. मला माहीत असून मी जाऊ दिली." एवढंच बोलता आलं. जड सुरुवातीला वावच मिळाला नाही.

मग मागच्या रांगेतून यल्लव्वा म्हातारी काठी टेकत पुढं आली. मला वाटलं, पोरीला आशीर्वाद देते. तिनं दीक्षाचा दंड धरला आणि विचारलं, "पगार हप्त्याला मिळतुया का म्हैन्याला?" महिन्याला, दीक्षानं सांगितलं. "मग माझ्या नातवाला चिकटीव की तिकडं. बी. कॉम. हाय. दोन वरसं झाली, नुसता मोबाईल खातोय." तिच्या मागं आणखी दोन आया उभ्या राहिल्या. एकीची पोरगी बी. ए., एकीचा पोरगा डिप्लोमा. दीक्षा तिथंच पायरीवर बसली आणि एकेकाला सांगू लागली की मालकांना विचारते, वचन देत नाही, आणि काम उभ्यानं करायचं आहे, घरी बूट घेऊन ठेवा.

जेवण झालं. आण्णा पंगतीत वाढायला होता, पण आमच्या पानांवरून न बोलता पुढं गेला. नंतर शिडी लावून त्यानं स्वतः फ्लेक्स उतरवला. मी शिडी धरली. त्यानं धरू दिली.

१६ मार्च

आज पान तीनवर दुरुस्ती छापली. 'या पानावर १५ जानेवारी रोजी प्रसिद्ध झालेली निवडीची बातमी चुकीची होती. संबंधित विद्यार्थिनी केवळ पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाली होती. चूक पान-प्रमुखांची.' संपादक म्हणाले, जानेवारीची दुरुस्ती मार्चात कोण वाचणार, आणि जागा कुठं आहे? गुळाचे भाव दोन ओळींनी तोडले.

सकाळी दीक्षा सातला निघाली. आज पहिल्यांदा शिरस्त्राण गाडीला उघड अडकवून. मी खाली सोडायला गेलो. सावकाश जा म्हटलं. ती गेली.

आण्णा फोन उचलत नाही. आठवडाभरानं उचलेल, त्याला काही ना काही उभं करायचं असतं आणि त्याची बातमी छापून हवी असते. खुर्ची गेली याचं मला वाईट वाटतं, ते वाटत राहील, आणि मी ते तिच्यासमोर काढणार नाही, हे पक्कं ठरवलं आहे. भट्टीची भीती आहे, पण तिथं नियम आहेत आणि ती नियम पाळते. माघारी आडनाव विचारणारे आहेत. ते मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथं होते आणि त्यांना पुरून उरता येतं.

काळजी वेगळीच आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ही मुलगी रोज माझ्यासमोर बसून जेवली आणि तिनं मला सांगितलं नाही. कारण काय ऐकायचं ते मी आधीच ठरवून बसलो होतो. उद्या तिथं कुणी तिला घाण बोललं, हात भाजला, नोकरी गेली, किंवा एखाद्या दिवशी नुसतंच वाटलं की आपला निर्णय चुकला, तर ती ते आईला सांगेल, कदाचित मीरासाबांना सांगेल. मला सांगणार नाही. आणि मी रोज तिच्याकडं बघत असूनही मला कळणार नाही. मला याचीच भीती वाटते.